वगळण्याचं कारण

८ जानेवारी

वहिनी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही हे पत्र न फोडताच फेकून द्याल अशी निम्मी खात्री आहे. उरलेल्या निम्म्यावर लिहिते आहे. फोन तुम्ही उचलत नाही, त्याबद्दल तक्रार नाही. तुमच्या जागी मी असते तर नंबरच बदलला असता.

बाबांची तब्येत कळवायची होती. गेल्या महिन्यात त्यांना मेंदूच्या डॉक्टरांना दाखवलं. स्मृतिभ्रंश आहे म्हणाले. हा शब्द मी कामावर दिवसातून दहा वेळा लिहिते, पण बाबांच्या कागदावर तो मला पुन्हा पुन्हा वाचावा लागला. सध्या ते माझ्याकडेच असतात. न्हाणीघराचं दार उघडून स्वयंपाकघर शोधतात. तीस वर्षं दारोदार फिरून विजेचे मीटर वाचलेला माणूस, एक बोळ कधी चुकला नाही, आणि आता दोन खोल्यांत त्यांना वाट सापडत नाही.

डॉक्टरांनी विचारलं, "हे कधीपासून?" दादा लगेच म्हणाला, "यंदाचंच आहे. तीन वर्षांपूर्वी हिच्या प्रयोगशाळेत तपासलं होतं, तेव्हा ठणठणीत होते." मी मान हलवली. कशी हलवली ते विचारू नका.

त्या तपासणीबद्दलच थोडं सांगायचं आहे. तुम्ही आमच्या प्रयोगशाळेत कधी आला नाहीत. माणूस वाट कशी लक्षात ठेवतो, याचा आम्ही अभ्यास करतो. कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक खोटं गाव आहे. दवाखाना, पोस्ट, शिंप्याचं दुकान, शाळा. हातातली जॉयस्टिक ढकलत त्यातून सहा वेळा फिरायचं. मग आम्ही माणसाला भलतीकडेच उभं करतो आणि म्हणतो, आता पोस्टात जा. किती वळणं चुकली, किती वेळ लागला, ते मोजायचं. काहींच्या डोक्याला तारांची टोपी चढवतो. ते काम करणारी आमची सहकारीण म्हणते, "मी उघडउघड टोप्या घालते, बाकीचे लपून घालतात."

त्या वर्षी आम्हाला साठ निरोगी म्हातारी माणसं हवी होती आणि चाळिसावर गाडी अडली होती. मी बाबांना नेलं. सगळे म्हणाले, मीटरवाले आजोबा पहिले येणार! घरी येऊन मीही तुम्हाला सांगितलं की बाबांनी तरुणांना मागे टाकलं. तसं अगदी नव्हतं. जॉयस्टिक अडकत होती, म्हणून त्यांचा निकाल आम्ही धरलाच नाही. चांगलाही नाही, वाईटही नाही. एवढंच सांगायचं होतं.

तुमच्या ठमीच्या अपघातानंतर दवाखान्यात मी जे बोलले ते त्या निकालाच्या जोरावर बोलले, आणि निकाल तर नव्हताच. ते मी बोलायला नको होतं.

ठमीचा पाय कसा आहे? दादा सांगत नाही. त्याला तुमच्याकडून काही कळतं की नाही, तेही मला ठाऊक नाही.

तुमची नणंद


२१ जानेवारी

वहिनी,

उत्तर नाही. बरोबर आहे. मागचं पत्र मी पुन्हा मनात वाचून पाहिलं आणि माझाच मला राग आला. 'ते मी बोलायला नको होतं' म्हणे! लग्नात भाजी खारट झाली असं सांगावं तसं लिहिलं मी. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. लपवण्यात माझा हात कुणी धरणार नाही, ही गोष्ट वेगळी.

ते पत्र मी बाबांच्या दुखण्यामुळे लिहिलं नव्हतं. आमच्या आकडेवाल्यामुळे लिहिलं. हा आमचा आकडेमोड करणारा, शांत माणूस, डबा खातानाही आकडे पुटपुटतो. आमचा तो अभ्यास आता छापायला जायचा आहे, म्हणून तो सगळे जुने कागद पुन्हा तपासत होता. नवीन वर्षाच्या पहिल्याच आठवड्यात माझ्या टेबलापाशी आला आणि हिरवी वही उघडून म्हणाला, "हे बघा जरा. ज्येष्ठ क्रमांक एक्केचाळीस. अक्षर तुमचं आहे ना?"

त्या वहीबद्दल सांगते. कधीकधी एखाद्याची चाचणी फुकट जाते. माणसाला डुलकी लागते, वीज जाते, डोकं दुखतं. अशाला वगळायचं. पण वगळलं की हिरव्या वहीत कारण लिहायचं आणि वेळ घालायची. आणि आमच्या मॅडमचा एकच दंडक आहे: कारण निकाल बघण्याच्या आधी लिहायचं. निकाल बघून लिहिलेलं कारण हे कारण नसतं, तो बहाणा असतो, हे त्या नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकवतात. मीही पुढे कितीतरी जणांना ऐकवलं आहे, नाकाने कांदे सोलत.

बाबांच्या नावे मी लिहिलं होतं, 'जॉयस्टिक अडकत होती.' वेळ, दहा चाळीस.

आकडेवाला म्हणाला, "पण चाचणी सुरू झालीय अकराला. सुरू व्हायच्या वीस मिनिटं आधी ती अडकत होती, हे तुम्हाला कसं कळलं?"

तो चेष्टेत विचारत होता हो. त्याला वाटलं आकडा चुकला. मी म्हटलं, "अकरा चाळीस असेल, घाईत दहा पडलं." तो बरं म्हणाला आणि गेला. पण अकरा चाळीसला बाबा पडद्यावरच्या दवाखान्यासमोर उभे राहून दवाखाना शोधत होते.

खरं असं आहे. चाचणी सव्वाबाराला संपली. निकाल माझ्यासमोर आला. साठ म्हाताऱ्यांत इतका वाईट निकाल कुणाचाच नव्हता, आधीही नाही, नंतरही नाही. मी वही काढली आणि कारण लिहिलं. निकालाआधीची वेळ घालायची म्हणून इतकी मागे गेले, इतकी मागे गेले, की चाचणीच्याही पलीकडे जाऊन पोचले. जॉयस्टिक उत्तम चालत होती. दुसऱ्या दिवशी तिच्यावर तीन माणसं झाली.

दिव्याखाली अंधार म्हणतात ना. आमच्याकडे तर दिवेच दिवे आहेत.

चाचणीनंतर, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तुम्ही मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "बाबा हल्ली विसरतात. मला एकच गोष्ट चारदा विचारतात. तुम्ही जरा बघाल का?" मी तुम्हाला काय म्हटलं ते मला शब्द न् शब्द आठवतंय. "वहिनी, हे माझं रोजचं काम आहे. तुम्ही तुमचं ऑफिस सांभाळा." तुमचा चेहरा पडला होता.

तुम्ही दाराशी आला होतात, वहिनी. मी दार लावून घेतलं.

तुमची नणंद


३ फेब्रुवारी

वहिनी,

तुमचं पत्र आलं. पत्र कसलं, वहीचं अर्धं पान. 'मी पत्ता बरोबर लिहिला होता का? तेवढंच कळवा. बाकीचं तुमचं तुम्हाला.'

मी ते जिन्यातच वाचलं आणि तिथेच बसले. मला वाटत होतं तुम्ही आमच्यावर रागावला आहात. तुम्हाला स्वतःचीच खात्री उरली नसेल, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. मी आठवणीवर काम करते, आणि धडधाकट बाईला तिच्या आठवणीवर संशय घ्यायला लावलं.

बरोबर लिहिला होता. घर क्रमांक, गल्ली, कोपऱ्यावरचं औषधांचं दुकान, वर जिना, दुसरा मजला. खाली तुमच्या ऑफिसचा नंबरसुद्धा लिहिला होता. निळ्या शाईत. सगळं बरोबर होतं.

मला कसं ठाऊक, तर तुम्ही बाबांना दिलेली ती चिठ्ठी मी वाचली आहे.

त्या दिवशी बाबांनी ठमीला शाळेतून घेतलं आणि नव्या चित्रकलेच्या वर्गाला न्यायला निघाले, इथपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. बसथांब्याजवळच्या बाकावर तिला बसवून, "हलू नकोस, वाट विचारून येतो" म्हणून गेले, हे ठमीने सांगितलं. तीन तास पोर बसून होती. मग उठली, रस्ता ओलांडायला गेली आणि मोटारसायकल आली. तुम्ही आणि दादा दवाखान्याकडे धावलात आणि मी बाबांना शोधायला निघाले. सगळ्यांना मी सांगितलं की बाबा बाकापाशीच सापडले, वेड्यासारखे तिला शोधत होते. ते खोटं आहे. बाबा मला पार दुसऱ्या टोकाला सापडले, त्यांच्या जुन्या भागात. एका परक्या घराच्या जिन्याखाली उभे होते. मीटर वाचत होते. घरातली बाई घाबरून दारात उभी होती आणि बाबा तिला म्हणत होते, "झालंच हं ताई, एवढाच राहिलाय." ठमीचं नाव काढलं तर म्हणाले, "ती घरी असेल ना?"

रिक्षात मी त्यांच्या शर्टाच्या खिशातून चष्मा काढायला गेले तर चिठ्ठी हाताला लागली. मी वाचली, घडी घातली आणि माझ्या पर्समध्ये टाकली. घरी आल्यावर फाडली.

मग दवाखान्यात बाबा म्हणाले, "सूनबाईंनी पत्ताच चुकीचा दिला." मला वाटतं त्यांना तेव्हा ते खरंच वाटत होतं. आठवणीला भोक पडलं की माणसाचं डोकं ते मिळेल त्याने बुजवतं, हे मी रोज पाहते. तुम्ही म्हणालात, "नाही हो, मी नीट लिहून दिला होता." आणि दादाने माझ्याकडे बघितलं. घरात आठवणीबद्दल कोर्ट भरलं तर न्यायाधीश मीच ना! मी म्हटलं, "बाबांची स्मरणशक्ती मी स्वतः तपासली आहे. चूक तिकडूनच झाली असणार." पर्स माझ्या मांडीवर होती. चिठ्ठी आत होती.

आता उरलेलं एक. ते सांगितलं नाही तर हे पत्रही पहिल्यासारखंच होईल.

चाचणी संपल्यावर त्या दिवशी बाबांनी जॉयस्टिक खाली ठेवली आणि पडद्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "पोरी, तुझ्या गावाचं काही चुकलेलं नाही. मलाच हल्ली असं होतंय. रस्ते हातातून निसटतात. परवा घरी यायला दोन तास लागले." ते म्हणाले, "दादाला सांगू नकोस. सूनबाईंना तर नकोच. हसतील."

हसला नसतात तुम्ही. ऑगस्टमध्ये तुम्ही काळजीनेच विचारलं होतं.

आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. माझी वेणी बाबांनी घातली, उन्हातान्हात शेकडो जिने चढून आल्यावर. त्यांनी आयुष्यात माझ्याकडे मागितलेली ती पहिलीच गोष्ट होती. मी ती दिली. द्यायला नको होती. त्यांना त्याच दिवशी डॉक्टरकडे नेलं असतं तर त्या नोव्हेंबरमध्ये ठमीला आणायला त्यांना कुणी पाठवलंच नसतं. ही माझी चूक आहे, बाबांची नाही. तुमची तर मुळीच नाही.

माफी मागायला जीभ रेटत नाही. मागितली तरी ती कुठल्या तोंडाने.

तुमची नणंद


१७ फेब्रुवारी

वहिनी,

दादाला सांगितलं. रविवारी तो बाबांची दाढी करायला येतो, तेव्हा. दाढी होऊन बाबा आत जाऊन पडेपर्यंत मी थांबले. मग सगळं सांगितलं, क्रमाने, वहीतली वेळ, चिठ्ठी, मीटर. मला वाटलं तो ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो हातातला ओला टॉवेल पिळत राहिला. पाणी उरलंच नव्हतं त्यात. मग म्हणाला, "मी तिला म्हटलं होतं, नीट आठव. दहा वेळा म्हटलं होतं गं. शेवटी ती रडून म्हणाली, असेल, माझंच चुकलं असेल. आणि मी बरं म्हणालो."

हे मला माहीत नव्हतं. तुम्ही कबूल केलं होतं हे त्याने कधी सांगितलंच नाही. तुम्ही न केलेली चूक कबूल केलीत आणि वर्षभरात घर सोडलंत, आणि मी मनात म्हणत होते, बघा, चूक होती म्हणूनच गेली.

तो तुमच्याकडे येईल. कधी येईल ते त्याला विचारायचं धाडस मला झालं नाही. आला तर दार उघडा असं मी सांगणार नाही. तुमचं दार, तुमची मर्जी.

मॅडमनाही सांगितलं. त्यांच्या खोलीत उभी राहूनच सांगितलं, त्या बस म्हणाल्या तरी बसले नाही. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाल्या, "वडील होते म्हणून तू चुकलीस, हे मी समजू शकते. पण पुढे तीन वर्षं तू इथे रोज आलीस, रोज लोकांची परीक्षा घेतलीस. ते मला समजत नाही." मलाही समजत नाही, असं मी म्हटलं. अभ्यास छापणं थांबवलं आहे. त्या वर्षात मी घेतलेल्या सगळ्या चाचण्या आता दुसरं माणूस पुन्हा तपासणार. मी एक मार्चपासून तिथे नसेन. टोपीवाली येऊन माझ्याशेजारी बसली. आकडेवाल्याने एक्केचाळीस क्रमांक अभ्यासात परत घेतला. आमच्या तक्त्यात प्रत्येक माणसाचा एक ठिपका असतो. त्याने मला बोलावून दाखवलं. सगळे ठिपके वर, एकमेकांना चिकटून, आणि खाली, खूप खाली, एकटे बाबा.

तुमचा फोन आला तेव्हा मी तिथून बाहेरच पडत होते. अठरा महिन्यांनी तुमचा आवाज ऐकला. तुम्ही माफ केलं म्हणाला नाहीत, ते बरं केलंत. तुम्ही म्हणालात, "ठमीला तुम्ही लिहा. मी सांगितलं तर तिला वाटेल आई आपली बाजू घेतेय. आणि ती अजून विचारते, मी बाकावरून उठले नसते तर? त्याचंही लिहा. मला उत्तर देता येत नाही."

लिहिते. दोन दिवसांत चार कागद फाडले. मोठ्यांशी खोटं बोलायची मला सवय आहे, लहानांशी खरं बोलायची नाही.

तुमची नणंद


२० फेब्रुवारी

ठमे,

मी आत्या. तू आता तिसरीत आहेस, म्हणजे हे तुला एकटीने वाचता येईल. अडलं तर आईला विचार.

आजोबांना एक आजार आहे. त्यात माणूस रस्ते विसरतो. तुला शाळेतून आणायला आले तेव्हाही तो त्यांना होता. मला ते माहीत होतं. मी कुणालाच सांगितलं नाही, आईला नाही, तुझ्या बाबांना नाही. सांगितलं असतं तर तुला आणायला दुसरं कुणीतरी आलं असतं.

आईने आजोबांना चिठ्ठीवर पत्ता लिहून दिला होता. तो अगदी बरोबर होता. ती चिठ्ठी मी वाचली होती, आणि तरी मी सगळ्यांसमोर म्हटलं की आईचं चुकलं. मी खोटं बोलले. तुझी आई खरं बोलत होती.

आता तुझा प्रश्न. तू बाकावरून उठली नसतीस तर काय झालं असतं? मी यावर खूप विचार केला. आजोबा म्हणाले होते, हलू नकोस, येतो. पण ते येणार नव्हते, ठमे. त्यांचं तुझ्यावर प्रेम नव्हतं म्हणून नाही. तू बाकावर आहेस हेच त्यांच्या डोक्यातून गेलं होतं. तू अजून तीन तास बसली असतीस तरी ते आले नसते. अंधार पडला असता तरी आले नसते. तू साडेसहा वर्षांची होतीस आणि तुला कळलं की आता कुणी येत नाही, आपणच घर शोधायला हवं. गाडी आली, त्यात तुझा दोष नाही. उठलीस ते बरोबर केलंस.

पाय दुखला की तुला वाटत असेल, मी सांगितलेलं ऐकलं नाही म्हणून असं झालं. तसं नाही. तू ऐकलंस. तीन तास ऐकलंस. इतका वेळ कुठलंही मूल बसलं नसतं.

तुझं काही चुकलं नाही. तुझ्या आईचंही नाही. माझं चुकलं.

तुझी आत्या